किनाबालूचे ऱ्होडोडेंड्रॉन: झाडं बघायची ती उतरतानाच

मलेशियात, बोर्निओ बेटावरच्या किनाबालू डोंगरावर ऱ्होडोडेंड्रॉन (हिमालयातल्या बुरांसाच्या जातकुळीची फुलझाडं) बघायला निघाला असाल, तर मेसिलाऊ या चढाईच्या दुसऱ्या वाटेबद्दल जे काही वाचलं असेल ते आधी डोक्यातून काढून टाका. ५ जून २०१५च्या भूकंपात त्या वाटेचं नुकसान झालं आणि तेव्हापासून ती बंद आहे. जुन्या लेखांत मात्र अजून तिचीच वर्णनं आहेत. ज्या एजंटाकडून मी परमिट आणि मुक्काम घेतला, त्यानेही पैसे भरून होईपर्यंत ‘फुलांची वाट’ म्हणून तिचेच फोटो दाखवले. चढ-उतार दोन्ही तिम्पोहोन गेटनेच होतात, हे पावतीनंतर कळलं.

त्याच एजंटाने ‘बॉटनी गाइड’ म्हणून वेगळे पैसे लावले. ते अजिबात देऊ नका. गाइड सगळ्यांनाच सक्तीचा आहे आणि तो पार्कच्या ऑफिसात सकाळी नेमून मिळतो. मला मिळाला तोही त्याच रांगेतला. माणूस मात्र फार जाणता. पायथ्याच्या गावातला, दुसुन या तिथल्या स्थानिक समाजातला. फूल नसलं तरी नुसती पानाची पाठ बघून झाड ओळखायचा. जादा पैशांतला एक रिंगिटही (मलेशियाचं चलन) त्याच्यापर्यंत पोचला नव्हता, याचा राग अजून जात नाही. तेवढी रक्कम थेट गाइडच्या हातात द्या आणि गेटवरच सांगा की आपण झाडांसाठी आलोय, सावकाश चालणार.

पानाची पाठ बघायची सवय तुम्हीही लावून घ्या. हिमालयातला बुरांस बघितलेल्या माणसाला इथली झाडं पटकन ओळखू येत नाहीत. ही व्हिरेया गटातली, म्हणजे उष्ण कटिबंधातल्या डोंगरांवरची. पानांवर बारीक खवले असतात, आणि बियांना दोन्ही टोकांना शेपट्या, त्यामुळे त्या वाऱ्यावर उडून फांदीवरच्या शेवाळात रुजतात. म्हणून खालच्या जंगलात नजर जमिनीवर ठेवून काही दिसणार नाही. मान वर करून फांद्यांची बेचकी शोधा. ऱ्होडोडेंड्रॉन फॅलासिनम तिथेही दिसतो, पानाखाली दालचिनीच्या रंगाचे खवले आणि नारिंगी फुलं. फुलांचा एकच असा हंगाम इथे नाही. वेगवेगळ्या जाती वर्षभर आलटून पालटून फुलतात, त्यामुळे ‘अमुक महिन्यातच या’ असं सांगून जास्त दर लावणाऱ्यावर विश्वास ठेवू नका.

आता खरा त्रास. चौथ्या किलोमीटरला, साधारण २७०० मीटरवर लायांग-लायांग हा थांबा येतो. तिथून सहाव्या किलोमीटरच्या लाबान राताच्या मुक्कामापर्यंत जो पट्टा आहे, त्याने पायांचा जीव घेतला. पायऱ्या गुडघ्याएवढ्या, एकीची उंची दुसरीला नाही, दगड पिवळट आणि पावसात निसरडे. पाऊस दुपारी येतोच. पण संपूर्ण डोंगरावर थांबून बघण्यासारखी जागा कुठली, तर हीच. इथली माती अल्ट्रामॅफिक (मॅग्नेशियम-लोह भरपूर असलेल्या) खडकाची, तिच्यात निकेल आणि मॅग्नेशियम जास्त, पोषक द्रव्यं कमी. मोठं जंगल अचानक संपतं आणि लेप्टोस्पर्ममची वाकडी, खुजी झाडं सुरू होतात. त्यांच्या मुळाशी नेपेन्थिस व्हिलोसा या कीटकभक्षी घटपर्णीचे घट. अशा उपाशी, आम्लधर्मी मातीत हीथ कुळाचं, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन ज्यात येतो त्या कुळाचं, निभतं, कारण केसासारख्या मुळांत राहणारी बुरशी त्यांना नायट्रोजन मिळवून देते. १८५१ मध्ये इथे चढलेल्या ह्यू लो यांच्या नावाचा ऱ्होडोडेंड्रॉन लोवी, पिवळ्या फुलांचे भलेमोठे गुच्छ असलेला, मला वरच्या टप्प्यात मिळाला. पाय थरथरत होते, पण तिथे मी हातवारे करून ओरडलो.

मला सगळ्यात जास्त बघायचा होता तो ऱ्होडोडेंड्रॉन एरिकॉइड्स. जगात फक्त याच डोंगरावर. पानं सुईसारखी बारीक, फुलं लाल नळ्यांसारखी. बिनवासाची लाल नळी म्हणजे परागीभवन बहुधा पक्ष्यांचं काम. तो मुक्कामाच्या वर, ग्रॅनाइटच्या भेगांत वाढतो. आणि इथेच सगळ्या पॅकेजांचा घोळ आहे. शिखरासाठी रात्री दोन-अडीचला उठवतात, सायात-सायातची चौकी पहाटे पाचच्या आत ओलांडावी लागते. म्हणजे सगळ्यात दुर्मीळ झुडपांच्या शेजारून तुम्ही काळोखात, दोराला धरून, पुढच्याच्या टाचा बघत जाता.

म्हणून माझा स्पष्ट सल्ला: ४०९५ मीटरच्या टोकावर पाच मिनिटांच्या वर रेंगाळू नका. फोटोची रांग सोडून द्या. उजाडताच खाली निघा आणि वाचलेला सगळा वेळ चौकी ते मुक्काम या टप्प्यात घालवा. मुक्कामाची खोली सोडायची वेळ आधी विचारून ठेवा, नाहीतर नाश्त्यासाठी पळापळ होते. दोन काठ्या, भिंग आणि कॅमेऱ्याला पावसाचं आवरण हवंच.

चढाईच्या आदल्या दिवशी पार्क मुख्यालयाजवळची माउंटन गार्डन बघून घ्या, डोळा तयार होतो. तिथून तिम्पोहोनपर्यंतच्या गाडीचे पैसे पॅकेजमध्ये आहेत का, हे लेखी घ्या. आणि उतरल्या दिवशीचं विमान काढू नका. पार्कजवळच्या कुंडासांग गावात एक रात्र राहा, शक्यतो तळमजल्यावरची खोली घ्या.