पौषात एकटीने: नांदूरमध्यमेश्वर ते हरसूल

शनिवार, येवला

निफाडकडे थंडी पडते म्हणजे काय, ते आज पहाटे डोळ्यांनी पाहिलं. चांदोरी मागे पडली आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना द्राक्षबागांतून धूर दिसू लागला, जमिनीला चिकटून पसरलेला. बांधाबांधाने शेकोट्या पेटलेल्या. गाडी कडेला घेऊन काच खाली केली तर बोटं बधिर झाली. जवळच्याच बागेत एक आजोबा कानटोपी घालून पालापाचोळा आगीत लोटत होते. पारा फार खाली गेला की मण्यांची फुगवण थांबते, म्हणून रात्रभर हा जागर. ज्यांच्या विहिरीला पाणी आहे ते पहाटे ठिबक सुरू करतात, कारण विहिरीचं पाणी त्या वेळी हवेपेक्षा उबदार असतं. काही बागांत घड कागदात गुंडाळलेले दिसले. दिवस उबदार आणि रात्र गार असली की मण्यांवर गुलाबी झाक चढते, आणि अशा ‘पिंक बेरी’ला निर्यातीत कुणी विचारत नाही. आजोबा म्हणाले, “बाई, ही थंडी गव्हाला गोड, आम्हाला कडू.” मी जी थंडी अनुभवायला निघालेय, ती इथे कुणाच्या तरी वर्षभराच्या कष्टाला गिळू पाहतेय, हे मनात ठेवूनच पुढे निघाले.

एकटीने जायचं हे मुद्दाम ठरवलं होतं. आईने विचारलं, “सोबत कुणी नको का?” सोबत हवीच असते, पण चौघांची गाडी चौघांच्या सोयीने थांबते. मला एखाद्या तारेवर बसलेल्या कापशी घारीसाठी अर्धा तास थांबायचं होतं. बांधावरच्या माणसाशी बोलायचं होतं. बँकेतल्या नोकरीत दिवसभर माणसंच समोर असतात, पण त्यांच्याशी बोलायला वेळ नसतो.

नांदूरमध्यमेश्वरच्या बंधाऱ्यावरच्या पक्षी अभयारण्यात चापडगावच्या बाजूने आत गेले. गावातलाच एक तरुण गाईड सोबत आला. दुर्बीण गळ्यात होतीच, पण तो म्हणाला, “ताई, आधी कान लावा, दुर्बीण नंतर.” धुक्यात काहीच दिसत नव्हतं. ऐकू येत होतं ते मात्र प्रचंड होतं: हजारो पंखांची फडफड, चांदव्यांची कुरकुर, मधूनच चक्रवाकाची ती नाकातून आल्यासारखी हाक. धुकं वर सरकत गेलं तसं पाणी दिसू लागलं, आणि पाण्यावर आधी ठिपके, मग पक्षी. शेपटीचं टोक सुईसारखं काढलेली तलवार बदकं. पसरट चोचीने पाणी गाळत गोल फिरणारे थापटे. पाणगवतात जांभळ्या पाणकोंबड्या. पलीकडे चिखलात शेकाट्ये, त्यांचे लाल पाय गुडघ्यापर्यंत पाण्यात. चक्रवाकाची जोडी उन्हात आली तेव्हा तिचा केशरी रंग असा उजळला की मी दुर्बीण खालीच ठेवली. उघड्या डोळ्यांनीच बघावंसं वाटलं. लडाख, तिबेट आणि त्याच्याही पलीकडे घरटी करणारे हे पक्षी हिमालय ओलांडून निफाड तालुक्यात हिवाळा काढतात.

गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळचा हा बंधारा इंग्रजांच्या काळातला, कालव्यांना पाणी देण्यासाठी बांधलेला. पक्ष्यांचा विचार तेव्हा कुणी केलेला नसणार. शंभराहून जास्त वर्षं दोन्ही नद्या गाळ आणत राहिल्या, तळ वर आला, पाणी उथळ झालं, बेटं तयार झाली, त्यांवर गवत माजलं. पाटबंधाऱ्याच्या हिशेबात गाळ म्हणजे घटलेली साठवण. पक्ष्यांच्या हिशेबात तोच गाळ म्हणजे खाद्य आणि आसरा. कालव्याला आवर्तन सुटलं की पाणी उतरतं, चिखल उघडा पडतो आणि चिखलात चोच घालणारे पक्षी तिथे येतात. १९८६ साली इथे अभयारण्य झालं. २०२० च्या जानेवारीत जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत नाव आल्याचं जाहीर झालं, महाराष्ट्रातलं पहिलंच. त्या यादीचा अभिमान मलाही आहे. पण गाईडने जलपर्णीकडे बोट दाखवलं तेव्हा वाटलं, नाशिक वरच्या अंगाला आहे, म्हणजे माझ्या मोरीतून वाहून गेलेलं पाणीही शेवटी इकडेच येतं. सांडपाण्यातल्या खतावर जलपर्णी पोसते आणि उघडं पाणी झाकत जाते. इथे पक्षी बघायला येणाऱ्या प्रत्येक नाशिककराने हा प्रवाह उलट्या दिशेने एकदा मनात चालून पाहावा, असं मला फार वाटतं.

मनोऱ्यावरून उतरताना तो मुलगा त्याच्या घराविषयी बोलू लागला. गोदाकाठी ऊस आहे आणि उसात बिबट्या आहे. उसातच त्यांची पिल्लं होतात, बिबट्यांच्या कित्येक पिढ्यांनी जंगल पाहिलेलंच नाही. थ्री फेजची लाईट पुष्कळदा रात्रीची येते, म्हणजे मोटर चालू करायला शेतकऱ्याला रात्रीच शेतात जावं लागतं. “वडील गेले की आई ते येईपर्यंत झोपत नाही,” तो म्हणाला. ऊसतोडीत पिल्लं सापडली तर वनखात्याची माणसं ती संध्याकाळी त्याच जागी क्रेटमध्ये ठेवतात, लांब कॅमेरा लावतात, आणि मादी रात्री येऊन एकेक पिल्लू तोंडात धरून घेऊन जाते. त्याने स्वतः असं एकदा पाहिलं होतं, ते सांगताना त्याचा आवाज बदलला. ज्या प्राण्याच्या भीतीने आईची झोप उडते त्याच प्राण्याच्या पिल्लाला आई मिळाली म्हणून हरखणारा हा मुलगा मला फार मोठा वाटला.

संध्याकाळी येवल्यात बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, हिरव्या मिरचीचा ठेचा. लवकर झोपते. उद्या माळावर जायचंय.

रविवार, भंडारदरा

ममदापूरला सूर्य उगवायच्या आत पोहोचले. येवल्याच्या ईशान्येचा हा भाग म्हणजे कायमचं अवर्षण. मुरमाड माळ, खुरटं गवत, मधूनमधून बोरी-बाभळी. पुष्कळ लोक अशा जागेकडे बघून म्हणतील, “इथे काय आहे?” सरकारी नोंदीतही गवताळ माळ बहुतेकदा ‘पडीक’ म्हणूनच येतो. २०१४ पासून हे काळवीट संवर्धन राखीव क्षेत्र आहे.

वाट पाहावी लागलीच नाही. टेकाड चढून वर आले तर उतारावर कळप उभा. माद्या आणि पाडसं फिक्या बदामी रंगाची, गवतात मिसळून गेलेली. कळपापासून जरा बाजूला एकच नर, काळाभोर, पोट आणि डोळ्यांभोवतीची कडी पांढरी, शिंगांना पीळ. तो हलत नव्हता. इंजिन बंद करून मी बसून राहिले. मग कशाने तरी एक मादी दचकली आणि सरळ वर उडाली, चारही पाय एकदम हवेत. तिच्यामागे दुसरी, तिसरी, आणि क्षणात सगळा कळप त्या उड्यांनी उतरणीला लागला. माझ्या तोंडून आवाज निघाला, आनंदाचा. ऐकायला कुणी नव्हतं.

काळवीट नजरेवर जगतो. लांडगा लांबून दिसला पाहिजे आणि धावायला मोकळी जमीन पाहिजे. म्हणून माळावर झाडं लावणं हे प्रत्येक वेळी पुण्याचं काम नसतं. दाट झाडी झाली की काळवीट जातो, त्याच्याबरोबर चंडोल, धाविक हे माळावरचे पक्षी आणि हिवाळ्यात इथे उतरणारे भोवत्ये, म्हणजे शिकारी पक्षीही जातात. वृक्षारोपणाच्या दिवशी उत्साहाने खड्डे खणणाऱ्या माझ्या ओळखीच्या सगळ्यांना एकदा इथे आणून उभं करावंसं वाटलं.

परतताना हरभऱ्याच्या शेतात एक काका बुजगावण्याला जुना सदरा चढवत होते. हरणांचा विषय काढला तर बसायला पोतं टाकलं आणि चहाची किटली पुढे केली. “हरणं येत्यात, शेंडे खुडून जात्यात. कांद्याचं रोपबी ठेवीत न्हाईत. राखण करायची तरी किती? थंडीत पोराला रात्री पाठवायचं जिवावर येतं.” नुकसान झालं की पंचनामा, मग कागद, मग वाट पाहणं. मी विचारलं, मग राग येत नाही? ते थोडा वेळ गप्प राहिले. “येतो की. पन उन्हाळ्यात टँकरचं पाणी आलं की आमी हौदात थोडं टाकून ठेवतो. तहान लागलेल्या जिवाला काय हाकलायचं?” मी पैसे देऊन अभयारण्यं बघणारी. हे काका आपला हरभरा देऊन काळवीट सांभाळणारे. संवर्धनाचा खरा खर्च कुणाच्या खात्यातून जातो, ते मला त्या पोत्यावर बसून जितकं कळलं तितकं कुठल्याही माहितीफलकावरून कळलं नसतं.

तिथून शिर्डी, सिन्नर, घोटी असा लांब पल्ला. घोटीपासून रस्ता चढू लागतो आणि बारी गाव आलं की कळसूबाई डोक्यावर येते, १६४६ मीटर. भातकापणी केव्हाच झालेली, खाचरं उघडी, अंगणाअंगणात पेंढ्याच्या उडव्या. भंडारदरा धरणाजवळच्या शेंडी गावात पोहोचले तेव्हा अंधार पडला होता. तलावाकाठी तंबूंची गर्दी आणि मोठ्या स्पीकरवर गाणी. प्रवरेवरचं हे धरण १९२६ मध्ये पुरं झालं, आणि आजूबाजूचं रान कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतं. अभयारण्याच्या हद्दीत मध्यरात्री असा आवाज चालू द्यायला नको, हे मी तिथल्या माणसाला जाऊन सांगितलं. त्याने आवाज कमी केला. पूर्ण बंद नाही केला.

सोमवार, भंडारदरा

रतनवाडीपर्यंत तलावाच्या काठाने गेले. अमृतेश्वराच्या दगडी भिंतींना सकाळचं ऊन लागलं होतं. दुपारी घाटघर. कड्यावर उभं राहिलं की खाली कोकण. इथल्या जलविद्युत प्रकल्पात मागणी कमी असताना पाणी खालून वर चढवतात आणि मागणी वाढली की तेच पाणी खाली सोडून २५० मेगावॅटपर्यंत वीज काढतात. वारा इतका होता की फार वेळ थांबवलं नाही. जास्त लिहिण्यासारखं आज काही नाही, पोटभर चालले.

मंगळवार, नाशिक, घरी

सगळ्यात जास्त ओढ होती ती आजच्या दिवसाची. वैतरण्याच्या बाजूने त्र्यंबक गाठलं आणि पुढे हरसूलच्या रस्त्याला लागले. खोरीपाड्याच्या रानात गिधाडांसाठी केलेली खाद्याची जागा आहे. आजूबाजूच्या पाड्यांवर गाय-बैल मेला की लोक कळवतात, आणि ते मढं तिथे कुंपणाच्या आत ठेवलं जातं. ठेवण्याआधी एकच प्रश्न महत्त्वाचा: जनावराला शेवटच्या दिवसांत कोणतं औषध दिलं होतं?

कारण सगळा घात त्यानेच झाला. नव्वदच्या दशकात देशभर गिधाडं मरू लागली, ती का मरतात हे बरीच वर्षं कुणालाच कळेना. मग उलगडलं की गुरांना वेदनेवर देतात ते डायक्लोफिनॅक मढ्यात उरतं, गिधाडाच्या पोटात जातं आणि त्याचं मूत्रपिंड निकामी करतं. पांढऱ्या पाठीची गिधाडं शंभरातली नव्व्याण्णव संपली. २००६ मध्ये गुरांसाठी या औषधावर बंदी आली, २०२३ मध्ये किटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅकवरही. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडं घालते, म्हणून गेलेली संख्या भरून यायला माणसाचं आयुष्यही अपुरं पडेल.

मी लांब थांबले होते. सकाळी आभाळ रिकामं. ऊन तापून हवा वर चढू लागली तेव्हा डोंगराच्या धारेवरून एक गिधाड आलं, मग आणखी काही. पंख न हलवता गोल घेत खाली उतरत होती. दुर्बिणीत उघडी मान दिसली, पिसं दिसली. माझ्या आजोळी, दिंडोरीकडे, आजोबा सांगायचे की गावाबाहेर जनावर टाकलं की गिधाडांनी झाड वाकायचं. मी ते झाड पाहिलं, गिधाडं कधीच नाही. चाळिशी उलटल्यावर आज पाहिली. डोळे भरून आले ते मी पुसले नाहीत.

शेजारी पाड्यावरचे एक दादा उभे होते. त्यांना म्हटलं, हे सगळं तुमच्यामुळे टिकलंय. ते म्हणाले, “ताई, आमच्या पाड्यावर आम्ही औषध बघून देतो. पण गिधाड काय पाड्यापुरतं उडतं का? लांब लांब जातं. तिकडचे लोक काय देतात ते आम्हाला कसं कळणार?”

परतीच्या वाटेवर अंजनेरीचे कडे उजव्या हाताला. त्या कपारींतही लांब चोचीची गिधाडं घरटी करतात, आणि हेच त्यांच्या विणीचे दिवस.

घरी आल्यावर आईला सगळं सांगितलं. मग दिंडोरीच्या आत्येभावाला फोन लावला. त्याच्या गोठ्यात गाई आहेत. विचारलं, गाय दुखण्याने बसली की डॉक्टर कोणतं इंजेक्शन देतात? त्याला आधी काही कळेना, हे तू का विचारतेस म्हणाला. मी गिधाडांचं सांगितलं. तो बराच वेळ ऐकत राहिला, मध्येच म्हणाला, “आपल्या आजोबांचं ते झाड अजून आहे गं.” रात्री त्याने बाटलीचा फोटो पाठवला. मेलॉक्झिकॅम. गिधाडांना चालतं त्यातलंच हे. मी त्याला लिहिलं, डॉक्टर नसताना तुम्ही दुकानातून आणता त्या बाटलीचाही फोटो काढ, आणि शेजारच्या गोठ्यातही विचार. “उद्या सकाळी धार काढताना विचारतो,” असं उत्तर आलंय.