रोमन अंक: लूप तेच, खेळ सगळा तक्त्याचा

रविवार, रात्री

साधी संख्या घेऊन ती रोमन अंकांत लिहून देणारा प्रोग्राम हा सरावाचा जुना प्रश्न. बहुतेक जण त्यात इफ-एल्सचं जंगल माजवतात: चार आला तर हे, नऊ आला तर ते, चाळीसला वेगळं, नव्वदला आणखी वेगळं. माझं मत पक्कं आहे, या प्रश्नात अपवाद नावाची गोष्टच नाही. वजाबाकीच्या जोड्यांनाही (आय-व्ही म्हणजे पाचातून एक वजा, तशा) इतर अक्षरांसारखं तक्त्यात बसवायचं.

तक्ता तेरा ओळींचा, उतरत्या क्रमाने: 1000 एम, 900 सी-एम, 500 डी, 400 सी-डी, 100 सी, 90 एक्स-सी, 50 एल, 40 एक्स-एल, 10 एक्स, 9 आय-एक्स, 5 व्ही, 4 आय-व्ही, 1 आय. वरून सुरुवात करायची. उरलेली संख्या त्या ओळीच्या किमतीएवढी किंवा जास्त असेपर्यंत अक्षरं स्ट्रिंगला, म्हणजे उत्तराच्या अक्षरमालेला, जोडायची आणि किंमत वजा करायची. मग खालची ओळ. 1994 घेतलं तर एम गेल्यावर 994 उरतात, सी-एम गेल्यावर 94, एक्स-सी गेल्यावर 4, शेवटी आय-व्ही. संपलं.

इथे व्हाइलच्या (अट खरी असेपर्यंत पुन्हापुन्हा फिरणाऱ्या लूपच्या) जागी इफ (अट एकदाच तपासणारा) लिहिला की 3 चं उत्तर नुसतं आय येतं. ते लगेच दिसतं. ‘मोठी किंवा समान’च्या जागी फक्त ‘मोठी’ लिहिलं तर मात्र फसायला होतं. 10 दिल्यावर आय-एक्स, 1000 दिल्यावर सी-एम-एक्स-सी-आय-एक्स. प्रत्येक उत्तर बरोब्बर एकाने कमी आणि दिसायला अगदी शुद्ध! कारण संख्या किमतीपेक्षा मोठी आहे का हे विचारणं म्हणजे तिच्यातून एक वजा करून मूळचाच प्रश्न विचारणं.

या प्रश्नातला मला सर्वांत आवडणारा भाग पुढचा. लूपला हात न लावता फक्त तक्ता बदलायचा. 900 आणि 400 या दोन्ही ओळी काढल्या की 1910 चं उत्तर एम-डी-सी-सी-सी-सी-एक्स येतं. लंडनच्या अ‍ॅडमिरल्टी आर्चवर ते साल अगदी असंच कोरलं आहे. आपल्या गेटवे ऑफ इंडियावर 1911 साठी एम-सी-एम-एक्स-आय आहे, म्हणजे पूर्ण तक्ता. 9 आणि 4 च्या ओळी काढून 40 ची ठेवली तर 44 होतात एक्स-एल-आय-आय-आय-आय; रोमच्या कलोसियममध्ये 44 व्या दारावर हेच आहे. दगडावरच्या या वेगवेगळ्या पद्धती म्हणजे वेगवेगळे तक्तेच. मात्र 900 आणि 400 यांसारख्या जोडीदार ओळींपैकी एकच काढू नये. 900 काढून 400 ठेवली तर 1910 चं एम-डी-सी-डी-एक्स होतं, आणि ते कुठल्याच पद्धतीत बसत नाही.

हद्द 1 ते 3999. शून्याला किंवा ऋण संख्येला लूप गुपचूप रिकामी स्ट्रिंग देतं आणि 4000 ला चार एम, म्हणून तपासणी आधीच करावी. सगळ्यात लांब उत्तर 3888 चं, पंधरा अक्षरी. सी भाषेत लिहिणाऱ्यांनी स्ट्रिंग संपल्याची खूण असलेल्या शेवटच्या नल कॅरेक्टरसकट सोळाची जागा ठेवावी. तक्ता डिक्शनरीत न ठेवता किंमत-अक्षर जोड्यांच्या लिस्टमध्ये ठेवलेला बरा: पायथन भाषेने डिक्शनरीच्या क्रमाची हमी 3.7 पासून दिली, आणि इथे तर सगळं क्रमावरच चालतं.

उलट दिशेला, म्हणजे रोमनवरून साधी संख्या काढताना, पुढचं अक्षर मोठं असेल तर हातातलं वजा, नाहीतर बेरीज. एवढ्याने काम होतं, पण हे फंक्शन आय-सी ला बिनतक्रार 99 म्हणतं. म्हणून आलेली संख्या परत रोमनमध्ये करून मूळ स्ट्रिंगशी जुळवावी. 1 ते 3999 सगळ्या संख्या अशा नेऊन-आणून तपासायला क्षणभर लागतो. तरी तेवढ्यावर विसंबू नये, कारण तक्त्यात 900 नसेल तर ही तपासणी खुशाल पास होते. 4, 9, 40, 90, 400, 900 आणि 3999 यांची उत्तरं हाताने लिहूनच टेस्टमध्ये घालावीत.