‘कट’ म्हणण्याचा अधिकार

गोव्याच्या फोंडा तालुक्यातील आमच्या गावात देवळाच्या उत्सवाला नाटक झाले नाही, असे माझ्या लहानपणीचे एकही वर्ष मला आठवत नाही. घरात कोकणी आणि रंगमंचावर मराठी या रिवाजात मी वाढलो, आणि मंडपाच्या शेवटच्या रांगेतील म्हाताऱ्यालाही शब्द न् शब्द ऐकू गेला पाहिजे, ही शिकवण तीस वर्षे पाळत आलो. त्यामुळे वाया गेलेल्या (निदान गाव ज्यांना तसे म्हणते अशा) चार मुलांवरील एका छोट्या चित्रपटात बापाची भूमिका कराल का, असे एका तरुण दिग्दर्शकाने विचारले, तेव्हा मी पटकथा न वाचताच होकार दिला. बापाला एक पानभर रागाचे भाषण आहे एवढे कळले होते, आणि नटाला आणखी काय हवे असते?

चित्रीकरण मे महिन्यात, सावईवेऱ्यातील एका जुन्या चिरेबंदी घरात झाले. आम्ही एकूण चौदा माणसे होतो. मेकअपची खोली म्हणजे घराची पडवी आणि कपडे ज्याचे त्याने आणायचे. माझ्या सदऱ्यावर फेणीचा डाग पहिल्याच दिवशी पाडला गेला आणि कंटिन्युइटीसाठी, म्हणजे प्रत्येक दृश्यात डाग तसाच दिसावा म्हणून, तो सदरा पुढे सोळा दिवस धुतला गेला नाही, ज्याबद्दल घरी मला काय काय ऐकावे लागले ते इथे लिहीत नाही. आवाज जागेवरच ध्वनिमुद्रित होत असल्याने पंखे बंद, फ्रिज बंद, आणि सगळे स्थिर झाले की नेमका पोदेराच्या, म्हणजे पाववाल्याच्या, सायकलचा भोंगा वाजायचा. मग पाव घेऊन, चहा पिऊन पुन्हा सुरुवात.

डिजिटल कॅमेऱ्यामुळे रिटेकला पैसे पडत नाहीत, हा माझा समज तिथे दूर झाला. माझ्या मुलाचे काम करणारा मुलगा तेरा वर्षांचा होता आणि त्याने त्यापूर्वी कधीही अभिनय केलेला नव्हता. चौदा वर्षांखालील कलाकाराला दिवसाला पाच तासांपेक्षा अधिक आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा अधिक काम देता येत नाही, असा नियम आहे. त्यासाठी जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी लागते आणि मुलाच्या मानधनातील किमान २० टक्के रक्कम त्याच्या नावाने मुदत ठेवीत ठेवावी लागते. आमच्या दिग्दर्शकाने हे सारे काटेकोरपणे पाळले. परिणामी आमच्याकडे सर्वांत तुटपुंजी गोष्ट होती ती त्या मुलाचे तास.

भाषणाच्या प्रवेशाला दुपारचे दोन वाजले होते. मुलगा शाळेची फी उडवून घरी आलेला, मी दारात उभा. तिसऱ्या वाक्याला माझा आवाज चांगला लागला होता, तेवढ्यात मुलाच्या स्लिपरच्या पट्ट्याचे रबरी बोंड भोकातून निसटले. तो खाली बसला, जिभेचे टोक दातांत धरून बोंड अंगठ्याने पुन्हा भोकात दाबू लागला आणि मी त्याच्या डोक्यावर गर्जना करत असताना त्याने एकदाही वर पाहिले नाही. माझा राग हवेतच लोंबकळत राहिला. नटाचा अपमान झाल्यासारखे वाटून मी हात वर केला आणि म्हणालो, “कट!”

बूम (लांब दांडीचा माइक) धरलेला पोरगा फिस्सकन हसला. दिग्दर्शक हसला नाही. माझ्याजवळ येऊन तो हळूच म्हणाला, “काका, हाच तर प्रवेश होता.”

त्यानंतर आम्ही सात वेळा प्रयत्न केला. पट्टा आधीच सैल करून ठेवला, मुलाला ‘आता खाली बस’ म्हणून सांगितले; पण आता आपण काय करतो आहोत हे त्याला कळलेले होते, आणि प्रत्येक टेकमध्ये तो बोंड बसवण्याचा अभिनय करत होता, तोही जवळजवळ माझ्याइतकाच ठसठशीत. साडेतीनला त्याचे पाच तास संपले, आई त्याला घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी वळवाचा पाऊस कोसळला आणि अंगणातला उजेड पुन्हा तसा मिळाला नाही.

चित्रपट पूर्ण झाल्यावर पाहिला, तेव्हा माझे पानभर भाषण त्यात नव्हते. तीन वाक्ये होती. संकलकाने तो पहिलाच टेक ठेवला होता: मुलगा खाली बसतो, बोंड दाबतो, बापाचा हात अर्धवट वर येतो, तोंड उघडते, आणि शब्द फुटण्यापूर्वी दृश्य तुटते. खेळ संपल्यावर उत्सवी नाटकांतले माझे एक जुने सहकारी बाहेर भेटले आणि म्हणाले की, त्या बापाला मुलापुढे शब्दच सुचत नाहीत ते तू छान दाखवलेस. पण तो बोलणार काय होता रे?

मी त्यांना खरे ते सांगितले. त्यांचा अजून विश्वास बसलेला नाही.