तेरेखोल सापडली, पण भलत्याच नावाने

मंडळी, माझ्या सर्व्हरमधली ‘तेरेखोल’ नावाची डिस्क मी बदलली. ‘तेरेखोल बदलून झाली, रिसिल्व्हर (नव्या डिस्कवर डेटा पुन्हा भरणं) बिनचूक, विषय संपला’ असं मागच्या वेळी छातीठोक लिहिलं होतं. ते शब्द परत गिळतोय. पूल (झेडएफएस या स्टोरेज प्रणालीने सगळ्या डिस्क जोडून केलेला एकच साठा) ठणठणीत आहे, तेरेखोलचं नाव तेवढं गायब.

चार डिस्क, दोन मिरर (एकच डेटा दोन-दोन डिस्कवर; तेरेखोलची जोडीदार शापोरा), पूल ‘कोठार’, पार्टिशनांना (डिस्कच्या विभागांना) गोव्यातल्या नद्यांची नावं, हे तुम्हाला पाठ आहेच. या नावांवर माझं सगळं अडतं, कारण फोंड्याच्या पावसात डिस्कच्या ट्रेवरची स्टिकरं टिकत नाहीत. यंदा शापोराचं स्टिकर बुरशी धरून पंख्याच्या जाळीला चिकटलेलं मिळालं.

शनिवारी वीज गेली. यूपीएसने मशीन नीट बंद केलं. परत चालू केल्यावर सहज बाय-पार्टलेबल (पार्टिशनांच्या नावांच्या लिंकांचं लिनक्समधलं फोल्डर) उघडलं, तर मांडवी, जुवारी, शापोरा हजर आणि चौथीच्या जागी ‘झेडएफएस-’ आणि मागे हेक्सची (आकडे-अक्षरांची) लांबलचक शेपटी. आधी केबलवर संशय घेतला, मग यूडेव्हवर (या लिंका बनवणारा लिनक्सचा भाग). मग बाय-लेबलमध्ये (तसंच, पण लेबलांच्या नावांचं फोल्डर) डोकावलो आणि घामच फुटला. तिथे एकच लिंक, कोठार! बाकीच्या तीन कुठे गेल्या?

कुठेही गेल्या नव्हत्या. दोन संध्याकाळी या खुळात घालवल्यावर ब्लकआयडीचं (डिस्कवरची लेबलं आणि ओळख-क्रमांक दाखवणारी कमांड) आउटपुट एकदाचं शांतपणे वाचलं. झेडएफएसच्या सदस्य डिस्कवर लेबल म्हणून पूलचंच नाव दिसतं, यूयूआयडी हा ओळख-क्रमांकही पूलचाच. चारही डिस्कवर तेच, वेगळा असतो तो फक्त सब-यूयूआयडी (त्या त्या डिस्कचा क्रमांक). एका नावाची लिंक एकाच डिस्ककडे बोट दाखवणार, म्हणून एकच. त्यात झेडएफएसची स्वतःची ‘लेबलं’ आणखी वेगळी, 256 केबीच्या चार प्रती, दोन डिस्कच्या सुरुवातीला, दोन शेवटी. पूल आपली माणसं त्यांवरून ओळखतो. जीपीटीतल्या (डिस्कवरच्या पार्टिशनांच्या तक्त्यातल्या) नावाशी त्याला देणंघेणं नाही.

मग तेरेखोल पुसली कुणी? मीच. शेल हिस्टरीत (आधी दिलेल्या कमांडांच्या नोंदीत) पुरावा आहे: रिप्लेस करताना पार्टिशनऐवजी बाय-आयडीचा (डिस्कच्या सिरियल नंबरवरून बनलेला) अख्ख्या डिस्कचा पाथ दिला होता. अख्खी डिस्क हाती आली की झेडएफएस स्वतःचं नवं जीपीटी लिहितं. 1 नंबरवर डेटा, 9 नंबरवर 8 एमबीचा तुकडा, आणि नावही त्याचंच. एसजीडिस्कने (पार्टिशनं बनवायची कमांड) प्रेमाने घातलेलं ‘तेरेखोल’ तिथेच गेलं. एलएसबीएलकेमध्ये (डिस्क-पार्टिशनांची यादी देणारी कमांड) 9 नंबर फक्त या एका डिस्कला दिसत होता. पहिल्याच दिवशी खटकायला हवं होतं.

हीच ती डिस्क, हे मात्र पाच मिनिटांत पटलं. मडगावचा माझा दुकानदार चार पैसे जास्त घेतो, पण बिलावर सिरियल नंबर हाताने लिहून देतो. बाय-आयडीतला नंबर बिलाशी ताडून पाहिला, काम झालं.

इलाज सोपा निघाला. एसजीडिस्कने 1 नंबरला नाव दिलं (पार्टेड हे तसंच दुसरं साधन मी अशा कामाला घेत नाही, ते विचारायच्या आत लिहून मोकळं होतं), यूडेव्ह ट्रिगर केलं, पूल एक्सपोर्ट केला (सर्व्हरपासून सोडवला) आणि बाय-पार्टलेबलचा रस्ता दाखवून इम्पोर्ट (पुन्हा जोडला). स्टेटसमध्ये चारही नद्या एकाखाली एक! चहा गार झाला तरी बघत बसलो.

पण हे लिहिता लिहिता झेडडीबी (झेडएफएसच्या आतल्या नोंदी दाखवणारी कमांड) चालवून पाहिलं. बाकी तिघींना ‘होल डिस्क’ 0, तेरेखोलला अजून 1. म्हणजे झेडएफएसच्या लेखी ती अख्खी डिस्कच. हे मला झोपू देणार नाही. तेव्हा बेत बदलला: डिटॅच (मिररमधून काढणं), लेबलक्लिअर (झेडएफएसची लेबलं पुसणं), शापोराएवढंच पार्टिशन (लहान झालं तर अटॅच होणार नाही), नाव, आणि या वेळी पार्टिशनचाच पाथ देऊन अटॅच. तेवढा वेळ शापोरा एकटी राहणार, आणि घुमट (मातीचं वाद्य) आरत्यांची सगळी रेकॉर्डिंग्ज, माटोळीचे (गणपतीवर बांधलेल्या फळा-पानांच्या सजावटीचे) फोटो कोठारातच आहेत. म्हणून आधी बाहेरच्या डिस्कवर प्रत, आणि चवथ (गणेशचतुर्थी) होईपर्यंत कशालाच हात नाही.

जाता जाता एक खूळ. जीपीटीतलं नाव यूटीएफ-16मध्ये (अक्षरं साठवायची एक पद्धत) असतं, 36 जागा. ‘मांडवी’ला काना, अनुस्वार, वेलांटी धरून 6 पुरतात. पेनड्राइव्हवर करून पाहिलं. डेस्कटॉपवर झकास दिसलं, सर्व्हरच्या नुसत्या कन्सोलवर मात्र चौकोन. मध्यरात्री पूल रुसला तर मी चौकोन वाचत बसणार नाही, तेव्हा सर्व्हरवर नद्या रोमन लिपीतच वाहतील. पेनड्राइव्हवरची मांडवी मात्र तशीच ठेवलीय.