निळू आणि त्याचं पाणी

गेल्या डिसेंबरात लेकीच्या वाढदिवसाला आम्ही फायटर मासा आणला. गडद निळा, लांब झुपकेदार शेपटीचा. दुकानात तो चहाच्या कपाएवढ्या प्लास्टिकच्या डबीत होता. "याला फिल्टर नको, हीटर नको, बाऊलमध्ये आरामात राहतो," असं दुकानदारानं सांगितलं. दोन लिटरचा काचेचा बाऊल आणि रंगीत खडे घेऊन आम्ही घरी आलो. लेकीनं नाव ठेवलं निळू.

दर रविवारी मी सगळं पाणी ओतून द्यायचे, खडे नळाखाली घासायचे, बाऊल लख्ख करायचे. अगदी मनापासून करायचे. जानेवारीत निळू तळाशी पडून राहायला लागला. दाणे टाकले तरी वर येईना. टॉर्च लावून बघितलं, तर शेपटीच्या कडा काळपट आणि कुरतडल्यासारख्या झाल्या होत्या. पुण्यातली थंडी, थर्मामीटर बुडवला तर पाणी 19 अंश.

ऑफिसातला एक सहकारी बरीच वर्षं मासे पाळतो. त्यानं पाणी तपासायचं किट दिलं. छोट्या नळीत पाणी, त्यात मोजून थेंब, मग थोडा वेळ थांबायचं. पिवळं राहिलं तर अमोनिया नाही. आमचं पाणी कैरीसारखं हिरवं झालं.

माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया तयार होतो, तो कल्ले आणि पर पोळतो. काही जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात. नायट्रेट त्या मानानं बरंच सौम्य. हे जिवाणू खड्यांवर, स्पंजवर वस्ती करतात. म्हणजे दर रविवारी मी त्यांनाच घासून काढत होते आणि उरलेसुरले नळाच्या क्लोरीननं मरत होते. शिवाय हा मासा थायलंडकडच्या भातखाचरांतला, दलदलीतला. त्याला 24 ते 28 अंशांचं पाणी लागतं. कल्ल्यांच्या वर एक खास अवयव असल्यामुळे तो पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेतो, म्हणून एवढ्याशा डबीतही तग धरतो. त्या तग धरण्यालाच 'आरामात राहतो' म्हणून विकलं जातं, याचा मला आजही राग येतो.

त्याच संध्याकाळी 20 लिटरची टाकी, 50 वॉटचा हीटर आणि हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर आणला. हवेचा जोर सुरुवातीला इतका होता की लांब परांमुळे निळू वाहून जायचा, मग नॉब फिरवून तो कमी केला. खरी कसोटी पुढे होती, कारण मासा आत असतानाच जिवाणूंची वस्ती बसवायची होती. रोज तपासायचं, गरज पडली की पाव टाकी पाणी काढायचं, बादलीत अँटी-क्लोरीन घालून, थोडं गरम पाणी मिसळून तापमान जुळवायचं आणि मगानं हळूहळू ओतायचं. स्पंज धुवायचा तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच. तिसऱ्या आठवड्यात अमोनिया उतरला, तर नायट्राइट चढलं. तेव्हा मी फार घाबरले होते. दुपारी मी ऑफिसात असताना सासूबाई फोन करायच्या, "सव्वीसवर आहे गं." सहाव्या आठवड्यात दोन्ही शून्य झाले.

सोसायटीच्या फाटकाजवळ देशी बदामाचं झाड आहे. त्याचं गळलेलं, वाळलेलं एक पान धुऊन टाकीत सोडलं. पाणी कोऱ्या चहासारखं झालं. शेपटी कशानं भरून आली, पानानं की स्वच्छ, उबदार पाण्यानं? मला वाटतं पाण्यानंच. पण फेब्रुवारीच्या शेवटी एका सकाळी फाटक्या कडेला कांद्याच्या पापुद्र्यासारखी पारदर्शक किनार दिसली. लेक शाळेची बस चुकेपर्यंत काचेला नाक लावून बसली होती.

आता सकाळी चार, संध्याकाळी चार दाणे. पोट फुगू नये म्हणून आठवड्यातून एक दिवस उपास. सासूबाईंचा गुरुवार तोच त्याचाही.

गणपतीत पाच दिवस गावाला जायचं होतं. शेजारच्या काकूंकडे किल्ली दिली आणि जास्त खाणं पडू नये म्हणून चार-चार दाण्यांच्या पुड्या बांधून, वर वार-वेळ लिहून ठेवल्या. गुरुवारी सकाळी काकूंचा फोन आला, "अगं, आजची पुडीच सापडत नाहीये, कुठे ठेवलीस?"