शिपाईमामा आणि मामी
(माजी विद्यार्थिनी, दहावी १९९४)

आमच्या वेळी शाळेची घंटा वाजवणारे मामा मराठा लाइट इन्फंट्रीचे हवालदार होते. १९८५ साली ते पेन्शनीत आले आणि पुढच्या जूनमध्ये माजी सैनिकांच्या जागेवर आपल्या शाळेत शिपाई म्हणून रुजू झाले. आता त्यांनी पंच्याहत्तरी ओलांडली आहे. "माझं नाव छापू नगा. पोरं मामा म्हणत्यात, तेवढं बास," असं त्यांनी मला बजावलं, म्हणून नाव लिहीत नाही. पण सुवर्णमहोत्सवाच्या या अंकात त्यांच्यासाठी, आणि खरं तर त्यांच्याहून जास्त मामींसाठी, एक पान हवंच.

मामा १९६८ ला बेळगावला भरती झाले. रंगरुटी संपल्यावर जंगी पलटणीत, म्हणजे पहिल्या मराठा बटालियनमध्ये गेले. डिसेंबर १९७१ मध्ये या पलटणीने ब्रह्मपुत्रा ओलांडली आणि तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातल्या, म्हणजे आताच्या बांगलादेशातल्या, जमालपूरच्या दक्षिणेला मोर्चे धरून पाकिस्तानी फौजेची ढाक्याकडची वाट अडवली. शरण या, असं आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांचं पत्र एका वयस्क बंगाली माणसाने शत्रूच्या ठाण्यात नेऊन दिलं. तिथल्या कर्नल सुलतान अहमदने उत्तरासोबत बंदुकीची गोळी पाठवली. १० डिसेंबरच्या रात्री ती फौज निसटायला म्हणून बाहेर पडली आणि मराठ्यांच्या मोर्च्यांवर येऊन आदळली. सकाळपर्यंत जमालपूर पडलं होतं. १६ तारखेला पलटण ढाक्यात पोचली.

ऑफ तासाला आम्ही मामांना गराडा घालायचो. मुलांचा प्रश्न ठरलेला, "मामा, तुम्ही किती मारले?" मामा कधीच आकडा सांगत नसत. ते त्या पत्र नेणाऱ्या म्हाताऱ्याची गोष्ट सांगायचे. "आमच्या हातात बंदुका हुत्या. त्येच्या हातात नुसता कागुद. सांगा बघू, छाती कुणाची मोठी?" एवढं बोलून पाण्याच्या टाकीकडे निघून जायचे. सैनिकाचं शौर्य म्हणजे काय, हे मला इतिहासाच्या पुस्तकाआधी मामांकडून कळलं.

मामींची गोष्ट मात्र मला फार उशिरा, गेल्या दिवाळीत त्यांच्या घरी गेले तेव्हा ऐकायला मिळाली. मामींचं माहेर सातारा जिल्ह्यातलं अपशिंगे मिलिटरी गाव. पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे ४६ जवान कामी आले, त्यांचं स्मारक गावात आहे. पोस्टमन तार घेऊन आला की बायका कशा दारात येऊन उभ्या राहतात, हे मामींनी लहानपणापासून पाहिलेलं. १९७१ च्या लढाईत त्या सासरी होत्या, कडेवर तान्हं मूल. सासरे ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातम्या ऐकून यायचे आणि चेहऱ्यावर काही दिसू द्यायचे नाहीत. जेवण मात्र कुणालाच जात नसे.

लढाई थांबल्यावर बऱ्याच दिवसांनी ९९ एपीओ, म्हणजे लष्करी टपालाचा पत्ता असलेलं आंतरदेशीय पत्र आलं. मामींना वाचता येत नव्हतं. भावकीतल्या एका मुलाने ओसरीवर, दहा माणसांच्या देखत, ते मोठ्याने वाचलं. मामा खुशाल होते. सगळ्यांना आनंद झाला, आणि मामी आत चुलीपुढे जाऊन रडल्या. "जीव भांड्यात पडला, त्याचं रडू हुतंच. पर माझ्या धन्याचं पत्र मी लोकांच्या तोंडनं का ऐकावं, ह्याचंबी हुतं," असं त्या मला म्हणाल्या. त्याच वर्षी त्यांनी नणंदेच्या पाटीवर अक्षरं गिरवायला घेतली. धारा काढून, भाकरी थापून झाल्यावर, कंदिलाच्या उजेडात. पुढच्या रजेत मामा आले तेव्हा मामींनी त्यांना त्यांचंच पत्र वाचून दाखवलं. हे ऐकताना मामा मान खाली घालून हसत होते.

ते वाचणं पुढे आणखी कामी आलं. थोरला मुलगाही पलटणीत गेला आणि सियाचिनवर तैनात होता. त्याची पत्रं मामींनीच वाचली आणि उत्तरंही त्यांनीच लिहिली. धाकट्याने शेती सांभाळली. मामांची वीस वर्षांची नोकरी आपल्या शाळेत झाली खरी, पण त्याआधीची सतरा वर्षं सासू-सासऱ्यांची दुखणी, विहिरीचं कर्ज, दोन बाळंतपणं हे सगळं मामींनी नवऱ्याच्या मनीऑर्डरवर एकटीने ओढलं. मामांच्या छातीवर १९७१ च्या पूर्वेकडच्या लढाईचं 'पूर्वी स्टार' पदक आहे. मामींच्या वाट्याला कुठलं पदक आलं नाही, याची खंत मला आहे, त्यांना नाही.

आता मामांना एका कानाने अजिबात ऐकू येत नाही. दर नोव्हेंबरला हयातीच्या दाखल्यासाठी सून त्यांना साताऱ्याला घेऊन जाते. जिने चढताना ते तिचा हात धरत नाहीत, कठड्याला धरून चढतात. नात पोलीस भरतीची तयारी करते. पहाटे ती पळायला निघाली की मामा घड्याळ हातात घेऊन अंगणात उभे असतात, आणि वेळ चुकला तर आम्हाला देत तसाच आवाज देतात.

काळ्या ट्रंकेतली ती सगळी पत्रं नातीने आता वहीत उतरवायला घेतली आहेत. मामांचे शाळेतले फोटो मात्र घरात जवळजवळ नाहीतच. २६ जानेवारीच्या संचलनाचे, सहलीचे, निरोप समारंभाचे, कुठलेही फोटो तुमच्याकडे असतील आणि त्यात कोपऱ्यात का होईना मामा दिसत असतील, तर कृपा करून शाळेच्या कार्यालयात आणून द्या. मी ते मामींपर्यंत पोचवीन.