ब्लॉगर फुकट असताना

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते आहे. "ब्लॉगर फुकट मिळत असताना मराठी विभागासाठी सर्व्हरवर स्वतःचं वर्डप्रेस कशाला बसवलंत?" ब्लॉगर म्हणजे गूगलची ब्लॉग लिहायची सेवा, आणि वर्डप्रेस म्हणजे आपल्या सर्व्हरवर बसवून साइट चालवायचं सॉफ्टवेअर. रिफ्रेशर कोर्सच्या जेवणाच्या रांगेत, नॅकच्या मूल्यांकनाच्या तयारीच्या बैठकीत, कुणाच्या पीएच.डी.च्या तोंडी परीक्षेनंतर चहा घेतानासुद्धा मला हे विचारलं गेलं आहे. 2017 नंतर प्रश्नाला शेपूट लागलं: "आणि एवढं होऊनही तेच चालू ठेवलंत?"

पहिल्या अर्ध्याचं उत्तर सोपं आहे. ब्लॉगर वाईट म्हणून सोडलं नाही. ब्लॉग ज्या गूगल खात्यातून उघडतो ते खातं माणसाचं असतं, विभागाचं नसतं. आमच्याकडे निम्म्या तासिका सीएचबीवरच्या, म्हणजे तासांप्रमाणे मानधन घेणाऱ्या तात्पुरत्या शिक्षकांच्या. ज्या मॅडम हौसेनं ब्लॉग उघडतात, त्या जूनमध्ये परत येतील की नाही हे त्यांनाही ठाऊक नसतं. एकाहून जास्त अ‍ॅडमिन नेमता येतात, हे मला माहीत आहे. ते पुन्हा सांगू नका. नेमायची आठवण होते ती खातं हातचं गेल्यावर.

ड्रुपल हे त्याच जातीचं दुसरं सॉफ्टवेअरही बसवून पाहिलं होतं, सातवी आवृत्ती. लेख चढवण्याआधी लेखाचा प्रकार ठरवा, रकाने ठरवा, परवानग्या ठरवा. आमच्या ज्येष्ठ सरांनी दुसऱ्या दिवशी हात जोडले. उरलं वर्डप्रेस. 2010 साली तिसऱ्या आवृत्तीपासून मल्टिसाइट त्यातच आली, त्यामुळे एकदा बसवलं की प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःची साइट देता येत होती. मला तेच हवं होतं. एम.ए.च्या मुलांनी मार्कांपुरतं न लिहिता आपल्या नावाच्या जागेत लिहावं, आणि ती पास होऊन गेल्यावरही ती जागा विभागात राहावी.

एक कटकट पहिल्याच महिन्यात कळली. मराठी शीर्षकावरून लिंक बनते तेव्हा प्रत्येक देवनागरी चिन्ह टक्क्याच्या खुणांसह नऊ रोमन चिन्हांत लिहिलं जातं, आणि लिंक साठवायच्या रकान्यात जागा असते 200 चिन्हांची. म्हणजे फार तर 22 चिन्हं. काना, वेलांटी, पाय मोडणारी खूण, सगळी वेगवेगळी मोजायची. पुढचं शीर्षक तुटतं. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकली की लिंक चार ओळी नुसते टक्के आणि आकडे. मी वर्गात सांगून टाकलं, लिंक रोमनमध्ये लिहीत जा. बहुतेकांनी ऐकलं.

2017 च्या दिवाळीच्या सुट्टीत साइट नव्या सर्व्हरवर हलवली गेली. डेटाबेसचा डंप, म्हणजे सगळ्या मजकुराची एका फाइलमधली नक्कल, काढताना अक्षरसंच लॅटिन-1, म्हणजे पश्चिम युरोपीय भाषांपुरता, राहिला. त्यात देवनागरी बसत नाही, आणि जे बसत नाही त्याच्या जागी मायएसक्यूएल हे डेटाबेसचं सॉफ्टवेअर एकेक प्रश्नचिन्ह ठेवतं. जुनं यंत्र तोवर पुसून दुसऱ्या कामाला गेलं होतं. रोजचा बॅकअप मी लावला होता, पण तो साठत होता त्याच यंत्रावर.

गावाहून परतले, पान उघडलं आणि बसूनच राहिले. परिच्छेद जागच्या जागी, शब्दांमधली मोकळी जागा तशीच, स्वल्पविराम, पूर्णविराम, कंसातले इंग्रजी आकडे सगळे शाबूत. अक्षरं तेवढी नाहीत. रोमन अक्षरांचा गाळ दिसला असता तरी मी घाबरले नसते. तो उलटा फिरवून मराठी परत मिळवता येते. प्रश्नचिन्हातून काही परत येत नाही. म मेला तरी प्रश्नचिन्ह, ळ मेला तरी प्रश्नचिन्ह.

आणि बाकीच्या वाटा मीच बंद केल्या होत्या. कागद वाचवायचा म्हणून छापील प्रत घेणं थांबवलं होतं. कच्चं लेखन जगापुढे नको म्हणून शोधयंत्रांना दूर ठेवणारी खूण केली होती. दुसरीकडे कुठेही प्रत नव्हती.

शीर्षकं मात्र मिळाली. ज्या लिंकांना मी नावं ठेवत होते त्या टक्के-आकड्यांत, म्हणजे साध्या रोमन चिन्हांत, साठवलेल्या असल्यामुळे वाचल्या होत्या. त्या उलगडल्या की पहिली बावीसेक चिन्हं मराठीत समोर येत. ज्यांनी माझं ऐकून रोमन लिंक लिहिली होती, त्यांचं मराठी शीर्षकही गेलं. हे मला अजून सहन होत नाही.

एका विद्यार्थिनीनं आजीच्या जात्यावरच्या ओव्या उतरवून ठेवल्या होत्या. आजी त्या पावसाळ्यातच गेली होती, आणि ज्या फोनवर आवाज होता तो फोनही राहिला नव्हता. तिला बोलावून पान दाखवलं. मला वाटलं, रडेल. ती पडद्यावर बोट ठेवून मोजायला लागली. पाच, चार, तीन. "मॅडम, ही 'पहिली माझी ओवी' आहे." प, ह, वेलांटी, ल, वेलांटी: पाच. माझी: चार. ओवी: तीन. मग ती म्हणत गेली, मी मोजत गेले. एखादा शब्द जुळला नाही की ती थांबायची, डोळे मिटायची, आणि म्हणायची, "आजी 'माज्या' म्हणायची, मी 'माझ्या' लिहिलं होतं का?" दोन्हींत चिन्हं सहाच. त्यामुळे ते आजही ठरलेलं नाही. संध्याकाळपर्यंत आम्ही बऱ्याच ओव्या उभ्या केल्या.

मग तेच चालू का ठेवलं? ब्लॉगरवर हे असं झालं नसतं, हे मान्य. वर्डप्रेस बसवणाऱ्या तेव्हाच्या मला मी विचारते, सर्व्हर सांभाळायला माणूस नव्हता तर विभागाचं घर कशाच्या भरवशावर बांधलंस? ती म्हणते, परक्याच्या खात्यात ठेवून तरी कुणाचा भरवसा होता? 2023 च्या डिसेंबरपासून गूगल दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती काढून टाकू लागलं, तेव्हा तिचं म्हणणं मला थोडं पटलं. पूर्ण पटलं नाही. तिला कदाचित फक्त स्वतःचं काहीतरी उभं करायचं होतं, आणि भरवशाची कारणं मी नंतर जोडली असतील.

आता दर शनिवारी डंप विभागाच्या कपाटातल्या डिस्कवर जातो. तो उघडून मी त्यात एक मराठी ओळ डोळ्यांनी वाचते, तेव्हाच कपाट बंद करते. छापील प्रतही पुन्हा घेते. लिंक मराठीत ठेवू की रोमनमध्ये, असं यंदाच्या मुलांनी विचारलं तेव्हा दोन्ही बाजू सांगितल्या आणि निर्णय त्यांच्यावर सोडला.

ओव्यांच्या पानावर शेवटच्या तीन ओव्या अजून प्रश्नचिन्हांतच आहेत. काढू का, असं मी तिला विचारलं होतं. ती नको म्हणाली. गावात आजीच्या बरोबरीच्या दोघी अजून आहेत, त्यांच्याजवळ बसून मोजणार आहे म्हणाली.